बांगडा काय खातो?

आज संध्याकाळी घरी गेलात की एक करून बघा. घरातल्या पाचवी-सहावीतल्या पोराला जवळ बोलवा आणि विचारा, "अन्नसाखळी म्हणजे काय रे?" पोर हुशार असेल तर उभ्या-उभ्या म्हणून दाखवील : गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. एका दमात. मार्क पैकीच्या पैकी. मग दुसरा प्रश्न विचारा, "दुपारी तुझ्या पानात बांगडा होता ना, तो काय खातो?" बहुतेक घरांत इथे शांतता पसरेल. आणि खरं सांगायचं तर ती शांतता पोरापुरती राहणार नाही, तुम्ही-आम्हीही गप्पच बसू.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतरच्या एका शनिवारी मी किनाऱ्यावरच्या एका प्राथमिक शाळेत गेलो होतो. काम दुसरेच होते. शाळेच्या मागे सुरूचे बन, बनापलीकडे वाळू आणि वाळूपुढे समुद्र. वर्गात भिंतीवर तोच तक्ता टांगलेला : गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. खाली रापण ओढणे चालले होते, त्यांचा हाकारा खिडकीतून आत येत होता आणि अर्ध्या वर्गाचे डोळे तक्त्याऐवजी खिडकीकडे लागले होते. गुरुजी मराठवाड्यातले, गळ्यात तुळशीची माळ. मला म्हणाले, "साहेब, मी आयुष्यात मासा हातात धरला नाही. ह्या लेकरांना समुद्राचं मी काय शिकवणार? त्यांनीच मला शिकवावं."

मी म्हटले, "मग चला की खाली!"

गेलो सगळे. रापणीतली मासळी निवडायला बसलेल्या एका काकीला गुरुजींनी विनंती केली. तिने हातभर सुरमई उचलली आणि पोट चिरले. आत दोन तारले, अर्धेमुर्धे जिरलेले. एक पोरगा ओरडला, "गुरुजी, सुरमईन तारले गिळल्यान!" मग काकीने ढिगातला एक ताजा तारलो चिरला. आत लांबलचक गुंडाळलेले आतडे आणि त्यात हिरवट-तपकिरी चिखलासारखे काहीतरी. एक मुलगी म्हणाली, "ह्येच्या पोटात शेवाळ आसा." काकीने ते बोटावर घेऊन गुरुजींपुढे धरले. माळकरी माणूस क्षणभर थबकला, मग त्याने बोट पुढे केले, ते चिमूटभर घेतले आणि उन्हात धरून नीट पाहिले. वर्ग चिडीचूप. पंधरा मिनिटांत समुद्राची अन्नसाखळी त्या पोरांनी दोन पोटांतून वाचून काढली होती. भिंतीवरचा तक्ता वर्षभर टांगून जे झाले नसते, ते झाले.

आपल्याकडे म्हण आहे, काखेत कळसा आणि गावाला वळसा. किनाऱ्यावरच्या शाळांचे तसेच झाले आहे. समुद्र शाळेच्या पाठीला, आणि पोरांच्या वहीत मात्र नाकतोडा. नाकतोड्याशी माझे वैर नाही, शेतीच्या गावात तो शिकवायलाच हवा. पण ज्या गावाची चूल मासळीवर पेटते, तिथल्या मुलाला मासळीची चूल कशावर पेटते हे ठाऊक नसावे, ही गोष्ट मला खटकते. ती का खटकते आणि त्यात शेतकऱ्याचा, सरपंचाचा काय संबंध, तेच आज सांगायचे आहे.

पाण्यातले कुरण

तारल्याच्या पोटातले ते शेवाळ म्हणजे काय? समुद्राच्या पाण्यात साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अगणित वनस्पती तरंगत असतात. पुस्तकात त्यांना वनस्पती प्लवक म्हणतात. आपण त्यांना समुद्रातले गवत म्हणू. ह्या गवताला मूळ नाही, खोड नाही, पान नाही. पण गरजा मात्र तुमच्या भाताच्याच : ऊन हवे, नत्र हवे, स्फुरद हवे. त्यांतल्या काही जातींना कवच बांधायला सिलिकाही लागते. पावसाळ्यात नद्या डोंगरावरून गाळ आणि क्षार घेऊन उतरतात, वाऱ्याने समुद्र ढवळून निघतो, आणि हे कुरण माजते. पावसाळा संपता संपता तारली-बांगड्याचे थवे किनाऱ्याला का लागतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे. जगात दरवर्षी उन्हातून जेवढे अन्न वनस्पती तयार करतात, त्यातले जवळजवळ निम्मे ही डोळ्यांना न दिसणारी समुद्रातली वनस्पती तयार करते. सगळी जंगले, सगळी शेते, सगळी कुरणे एका पारड्यात टाका. दुसऱ्या पारड्यात हे.

ह्या गवतावर चरणारे जीवही बारीक. तांदळाच्या कणीपेक्षा लहान, झिंग्याच्या कुळातले. ते प्राणी प्लवक. तारल्याच्या कल्ल्यात बारीक दातांची चाळण असते. तोंड उघडे ठेवून पोहत जायचे, पाणी चाळायचे, अडकेल ते गिळायचे. बांगड्याची रीतही तीच, आणि वनस्पती प्लवक व प्राणी प्लवक दोन्ही त्याला चालतात. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच : बांगडा समुद्र चाळून खातो. उलट सुरमईचे तोंड बघा. धारदार दात. चाळण तिच्या कामाची नाही, तिला तारली, मांदेली अशी भरलेली पोटे लागतात. रायगड-पालघरकडे बोंबील कापला तर त्याच्या पोटात जवळा सापडतो, आणि कधी कधी धाकटा बोंबीलही! आपल्याच जातीला खायला तो मागेपुढे पाहत नाही. मोठा मासा लहान माशाला खातो ही म्हण आपल्या पोरांना पाठ आहे. लहान मासा काय खातो, हे मात्र म्हणीत नाही. ते शाळेने सांगायचे.

आता थोडा हिशोब. १९४२ साली लिंडमन नावाच्या एका तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाने एका तळ्याचा अभ्यास करून ह्या हिशोबाचा पाया घातला. ठोकळमानाने एका पायरीवरून वरच्या पायरीला दहावा हिस्सा पोचतो. बाकीचे जगण्यात, पोहण्यात, श्वास घेण्यात खर्च होते. म्हणजे हजार किलो समुद्री गवतावर शंभर किलो प्राणी प्लवक, त्यावर दहा किलो लहान मासळी आणि त्यावर एक किलो सुरमई. ज्याच्या गोठ्यात जनावर आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. भाराभर वैरण घातली म्हणून भाराभर दूध मिळत नाही. चौथीच्या पोराला दहाने भागायला येते. त्याला हे गणित घाला आणि मग विचारा : खालची दहा किलो लहान मासळी आपणच उपसून नेली, तर वरची सुरमई काय खाईल? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे तो तुम्हालाच ऐकवील.

कंपासपेटीतली पट्टी

आता हा नुसता अभ्यासाचा विषय राहत नाही. आपल्या बाजारात जाऊन बघा. तळहातात मावेल असे पापलेट वाट्यावर विकले जाते. एकदाही अंडी न घातलेली मासळी ढिगाने उतरते आणि जी खायच्या लायकीची नसते ती फिशमीलच्या कारखान्याकडे जाते. तिथून ती कोळंबीच्या तलावात आणि कोंबड्यांच्या खाद्यात येते. म्हणजे आपल्याच परसात!

पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राने राज्यमासा केले. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या समुद्री माशांचे किमान आकारमान ठरवले, त्याहून लहान मासा धरू नये म्हणून. पापलेटासाठी ती लांबी आहे १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. सुरमईसाठी ३७० मिलिमीटर. हा नियम किती गावांना माहीत आहे? किती ग्रामपंचायतींच्या फलकावर तो लागला? आणि आता गंमत बघा. तुमच्या पोराच्या कंपासपेटीत जी पट्टी आहे ती पंधरा सेंटिमीटरची. पापलेट त्या पट्टीवर ठेवले आणि शेपटी साडेतेराच्या रेघेपर्यंत पोचली नाही, तर ते पिल्लू. सुरमईला शाळेची फूटपट्टीही पुरत नाही, तिच्यापुढे आणखी सात सेंटिमीटर हवेत. कायदा मोजायचे साधन प्रत्येक दप्तरात पडलेले आहे, आणि आपण त्या पट्टीने नुसते समास आखतो!

लहान मासळी उपसल्याने काय होते याचा धडा फार लांब जाऊन शोधायला नको. केरळात तारली हे गोरगरिबांचे अन्न. २०१२ साली तिथे जवळजवळ चार लाख टन तारली उतरली. २०२१ साली ती साडेतीन हजार टनांच्याही आत आली. शंभर टोपल्यांच्या जागी एक टोपलीसुद्धा नाही. पुढच्या वर्षी ती पुन्हा बरीच वाढली, हेही खरे. तारली ही लहरी मासळी, समुद्राचे तापमान आणि प्रवाह बदलले की तिचा पत्ता बदलतो. सगळा दोष जाळ्याच्या माथी मारता येणार नाही. पण वाईट वर्षात पाण्यात थोडी तरी पिल्ले शिल्लक असली तर चांगल्या वर्षी पीक येते. बियाण्याचे भात कितीही ओढ लागली तरी कुटायचे नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. समुद्रातले बियाणे कोणते, हे मात्र शिकावे लागते.

बांधावरून खाडीत

आता डोंगराकडचे वाचक म्हणतील, हे सगळे किनाऱ्यावरच्यांसाठी. आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो तुमच्या व्हाळातून वाहतो.

भातशेतीत टाकलेल्या युरियाचा काही भाग पिकाला लागतो, काही पावसाबरोबर जातो. बांधावरून व्हाळात, व्हाळातून नदीत, नदीतून खाडीत. थोडे नत्र समुद्राच्या कुरणाला हवेच असते. पण जास्त झाले तर गवत बेसुमार माजते, मरते, कुजते, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्याच्या अखेरीस तळाकडच्या पाण्यात प्राणवायू तसाही कमी होतो. हे मुळात नैसर्गिक. पण हा तुटवडा तीव्र होत असल्याचे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००० साली मांडले आणि जमिनीवरून वाहून येणाऱ्या नत्राचा त्यात हात असावा, असेही सुचवले. म्हणजे युरियाची गोण फोडताना आपण भाताबरोबर आणखी एका शेतात खत टाकत असतो, फक्त त्या शेताचा सातबारा आपल्या नावावर नाही.

विषाचेही तसेच. काही विषे जिरत नाहीत, शरीरात साठत जातात आणि साखळीच्या प्रत्येक पायरीला घट्ट होत जातात. जपानात मिनामाता नावाच्या गावी एका कारखान्याने उपसागरात पारा सोडला. तो आधी बारीक जिवांत गेला, मग माशांत, मग गावच्या मांजरांत आणि शेवटी माणसांत. १९५६ साली तो रोग म्हणून नोंदला गेला, तोवर मांजरे तडफडून मेली होती आणि आयांच्या पोटातली मुलेही वाचली नव्हती. साखळी शिकवायची ती एवढ्यासाठी. तिच्या शेवटच्या कडीवर आपले पान वाढलेले आहे.

कांदळवनाचेही मुलांना दाखवा. कांदळाचे पान चिखलात पडते, कुजते. त्या कुजलेल्या पानावर कुर्ल्या आणि कोळंबीची पिल्ले पोसतात. त्यांच्यावर तांबोशी टपलेली असते. आणि ही साखळी पाण्यातच संपते असेही नाही. किनारपट्टीतल्या कितीतरी वाड्यांत उंच झाडावर समुद्र गरुडाचे घरटे असते. बागायतदारांना ते माहीत असते. त्या झाडाखाली माशांचे काटे आणि समुद्रसापांचे सांगाडे पडलेले दिसतात. समुद्राची साखळी अशी तुमच्या आवाठात येऊन थांबते. तक्त्यावरची ती घार बघायला पोराला आणखी कुठे न्यायचे?

कोण काय म्हणेल

ह्यावर चार आक्षेप येणार. त्यातला पहिला आणि खरा : मासेमाराच्या पोराला पट्टी देऊन तुम्ही त्याच्या बापाच्याच पोटावर पाय आणणार का? नाही. पोराला पोलीस करायचे नाही. कर्ज काढून डिझेल भरलेला तांडेल जाळ्यात आले ते सोडून देत नाही, त्याची अडचण पोटाची आहे. जाळ्याच्या आसाचा, मोठ्या नौकांचा, दर्यात कोणी कुठवर यायचे याचा निवाडा मोठ्या माणसांनी आणि सरकारने करायचा. पण आज सहावीत असलेले पोर दहा-पंधरा वर्षांनी स्वतः जाळे विकत घेणार आहे किंवा सोसायटीत, पंचायतीत बसणार आहे. तेव्हा तो आस कोणता घेईल, हात कशासाठी वर करील, ते आज त्याने काय पाहिले ह्यावर ठरेल.

दुसरा आक्षेप गुरुजींचा : आम्हाला मासळीतले कळत नाही. मी म्हणतो, ज्यांना कळते त्या बायका बाजारात बसलेल्या आहेत. कोणती मासळी कधी गाबोळीला येते, कोणती चिखलात राहते, कोणती वर तरंगते, हे त्यांना कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त माहीत असते. त्यांच्यापैकी एकीला सन्मानाने शाळेत बोलवा, खुर्ची द्या, मानधन द्या. तिला प्लवक हा शब्द माहीत नसेल, तो गुरुजींना माहीत आहे. दोघांची मिळून एक तासिका होते.

तिसरा आक्षेप वेळेचा : अभ्यासक्रमच पुरा होत नाही, हे कधी करायचे? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायची तरतूद आहे, स्थानिक कसबी लोकांकडून शिकण्यासाठी. त्यातला एक दिवस दर्याला द्या.

चौथा आक्षेप नेहमीचाच : आपल्या खेड्यात हे जमणार नाही. त्याला उत्तर मंडणगड तालुक्यातल्या वेळासचे. समुद्री कासवांची अंडी जिथे एके काळी उकरून खाल्ली जात, तिथे २००२ पासून एका संस्थेने गावाला हाताशी धरून ती राखायला सुरुवात केली. आज कासवाची पिल्ले पाण्यात जाताना बघायला मुंबई-पुण्याहून माणसे येतात आणि गावातल्या घरांत उतरतात. गाव शिकले, आणि त्या शिकण्याने चार पैसेही आले.

करायचे काय

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. म्हणजे तुम्हीच. पुढच्या बैठकीत पोषण आहार आणि गळके छप्पर झाले की हा विषय काढा. शाळेत एक मासळीची वही ठेवा : आज कोणाच्या घरी कोणता मासा आला, किती लांब होता, पोटात काय निघाले. रोज एका पोराने लिहायचे. पाच वर्षांनी ती वही गावाचा ठेवा होईल. सरपंचांनी लिलावाच्या ओट्यावर रंगाने दोन रेघा मारून घ्याव्यात, एक पापलेटाची, एक सुरमईची. खर्च रंगाच्या एका डब्याचा. आतल्या गावांनी पावसाळ्यानंतर पोरांना घेऊन गावचा व्हाळ खाडीपर्यंत चालत जावे. वाटेत काय काय पाण्यात पडते ते नुसते मोजत जावे. कृषी सहायकांनी माती परीक्षण करूनच खत द्या असे सांगताना, उरलेले खत कुठे जाते हेही सांगावे. आणि पाण्याजवळ मुले न्यायची तर भरती-ओहोटी विचारून, मोठी माणसे बरोबर घेऊनच न्यावीत.

त्या शाळेतले गुरुजी परवा एसटी स्टँडवर भेटले. माळ तशीच, मासा अजून खात नाहीत. म्हणाले, "साहेब, वही सुरू केली. आता पोरं घरी भांडतात, आई, पोट मी चिरणार म्हणून." मी विचारले, आणि तक्ता? म्हणाले, "आहे ना. त्याच्या शेजारी पोरांनी दुसरा काढलाय."

तेव्हा आज संध्याकाळी तो प्रश्न विचाराच. उत्तर आले नाही तर रागावू नका. रविवारी सकाळी पोराचे बोट धरून बंदरावर जा. आणि जाताना कंपासपेटीतली पट्टी खिशात टाकायला विसरू नका.